पाण्याच्या नळीत उगवलेलं जनुक: रिकॉम्बिनंट टॅकचं एक प्रकरण

नदी, तलाव, विहिरी आणि झरे यांच्या पाण्यात पेनिसिलिन-कुळातल्या प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं किती आहेत, हे एका संशोधन गटाला मोजायचं होतं. लक्ष्य म्हणून त्यांनी टेम बीटा-लॅक्टमेजचं जनुक निवडलं. निवड रास्त होती. या जनुकापासून बनणारं प्रथिन अँपिसिलिनच्या रेणूतली बीटा-लॅक्टम कडी तोडतं, जीवाणूंमध्ये ते सर्रास सापडतं, आणि जनुक अवघं ८६१ बेस-जोड्यांचं असल्याने प्रायमर, म्हणजे नेमका तुकडा हेरणारे डीएनएचे आखूड धागे, बेतायला त्रास नाही. पद्धत रिअल-टाइम पीसीआरची: टॅक नावाचं एन्झाइम दर सायकलला डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती दुप्पट करतं आणि ती वाढ चालू असतानाच यंत्र मोजतं. पाणी गाळायचं, फिल्टरवरून डीएनए काढायचा, तो मास्टर मिक्समध्ये, म्हणजे एन्झाइम, प्रायमर वगैरेंच्या मिश्रणात, घालायचा आणि कितव्या सायकलला सिग्नल उंबरठा ओलांडतो ते बघायचं. तो आकडा म्हणजे सीटी. सीटी जितका लहान, तितकं जनुक जास्त.

पहिल्याच फेरीत झाडून सगळे नमुने पॉझिटिव्ह आले. सांडपाण्याच्या नाल्याचा नमुना २४व्या सायकलला, नदीचे २८ ते ३१च्या दरम्यान, आणि माणसांची वर्दळ नसलेल्या डोंगरातल्या झऱ्याचा ३३व्या सायकलला. झऱ्यातही प्रतिरोधक जनुक सापडलं म्हणून कुणी खूश होण्याआधी तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे नजर गेली. डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली नळी, म्हणजे नो-टेम्प्लेट कंट्रोल, तीही ३३व्या सायकलला उजळली होती.

हे प्रकरण कुठल्या एका प्रयोगशाळेचं नाही. अशा तक्रारी वारंवार येतात, त्यांतून ते शिकवण्यासाठी जुळवलं आहे आणि सीटीचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. त्यामागचं जीवशास्त्र आणि हिशेब मात्र खरे आहेत.

संशयाची सुई आधी कुणाकडे जाते

पीसीआर करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: एरोसोल. एकदा पीसीआर झाला की एका नळीत त्या तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. झाकण उघडताना सूक्ष्म थेंब उडतात, पिपेटच्या नळकांड्यात बसतात, टेबलावर पडतात आणि पुढच्या वेळी स्वच्छ नळीत जातात. त्यामुळे गटाने जे सगळे करतात तेच केलं. टेबल ब्लीचने पुसलं, पिपेट खोलून धुतले, फिल्टरवाल्या टिप घेतल्या, पाणी नवं, प्रायमरची नवी वाटणी, मिक्स बनवायला वेगळी खोली. पुन्हा रन लावला.

“मॅडम, पाणी बदललं, प्रायमर बदलले, खोलीसुद्धा बदलली. तरी ३३.”

“तिन्ही नळ्यांत ३३?”

“३३.०, ३३.२ आणि ३२.९.”

या उत्तरातच निम्मा उलगडा आहे, आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो. हाताने किंवा हवेतून आलेली घाण लहरी असते. एका नळीत २९ला उजळेल, दुसरीत ३७ला, तिसरीत काहीच नाही. तीन नळ्यांत दशांशाच्या फरकाने तोच आकडा येत असेल, खोली बदलूनही तो हलत नसेल, तर दूषण प्रत्येक नळीत मोजूनमापून जातंय. मोजूनमापून फक्त अभिकर्मकंच, म्हणजे मिक्समधली रसायनं आणि एन्झाइम, जातात. माझ्या मते अशा वेळी दुसऱ्यांदा ब्लीच हातात घेण्यात अर्थ नसतो. शोध बाटल्यांच्या पेटीत घ्यायचा.

एरोसोल नाही याला आणखी एक आधार होता. या गटाच्या मिक्समध्ये सुरुवातीपासून थायमिनऐवजी युरॅसिलवाला न्यूक्लिओटाइड (डीएनएची वीट) आणि युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज हे एन्झाइम होतं. त्यामुळे त्यांनी आजवर बनवलेल्या प्रत्येक पीसीआर-तुकड्यात युरॅसिल आहे, आणि ग्लायकोसिलेज असा डीएनए रन सुरू होण्याआधीच निकामी करतं. जुन्या रनमधला तुकडा उडून आला असता, तर तो इथे बहुतांशी संपायला हवा होता. जे टिकून राहिलं त्यात थायमिन होतं, म्हणजे ते कुठल्यातरी जिवंत पेशीत बनलेलं होतं. जाता जाता: हे ग्लायकोसिलेजही बहुधा ई. कोलायमध्येच, म्हणजे एन्झाइम बनवायला सर्रास वापरतात त्या जीवाणूमध्ये, बनवलेलं असतं. पहारेकरीच संशयित असू शकतो. म्हणून एक रन त्याला वगळूनही केला. सीटी तिथेच.

डीएनए काढण्याच्या किटचा प्रश्न एका तुलनेत सुटला. कोरा फिल्टर किटमधून नेऊन मिळालेला ब्लँक आणि साधं पाणी, दोन्हींचा सीटी सारखा. किटमधून भर पडत असती तर ब्लँकचा आकडा पाण्यापेक्षा लहान आला असता. म्हणजे जे काही येतंय ते डीएनए काढण्याच्या टप्प्यानंतर येतंय. उरले बफर, न्यूक्लिओटाइड, प्रायमर, रंगद्रव्य आणि टॅक पॉलिमरेज.

एन्झाइम वाढवून बघणं

इथे अनेक जण एकेक घटक बदलत बसतात. चुकीचं नाही, पण खर्चिक आहे, आणि बदललेली बाटली त्याच कंपनीची, त्याच लॉटची निघाली तर काहीच कळत नाही. त्याहून सरळ उपाय म्हणजे संशयित घटकाचं प्रमाण बदलायचं. घाण टॅकमधून येत असेल, तर टॅक दुप्पट केल्यावर घाणही दुप्पट व्हायला हवी. रिअल-टाइम पीसीआरमध्ये दुप्पट म्हणजे बरोबर एक सायकल अलीकडे.

पण नुसतं एन्झाइम वाढवून चालत नाही. टॅक ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठवलेलं असतं, ते उणे २० अंशांनाही गोठू नये म्हणून. एन्झाइम वाढवलं की ग्लिसरॉलही वाढतं आणि अभिक्रियेची चाल बदलते. शिवाय एन्झाइम जास्त झालं म्हणून प्रवर्धनच जोरात होत नाही ना, हाही प्रश्न राहतो. म्हणून दोन गोष्टी केल्या. एन्झाइम नसलेला साठवण-बफर गटाने स्वतः बनवला आणि प्रत्येक नळीत ग्लिसरॉल सारखंच राहील इतका घातला. आणि प्रत्येक नळीत, निसर्गात कुठेही नसलेल्या एका कृत्रिम डीएनए-तुकड्याच्या ठरावीक प्रती घालून तो वेगळ्या रंगाच्या प्रोबने मोजला. हा साक्षीदार.

२५ मायक्रोलिटरच्या नळीत ०.६२५, १.२५, २.५ आणि ५ युनिट टॅक. टेम्प्लेट कुठेच नाही. टेमचा सीटी आला ३४, ३३, ३२, ३१. साक्षीदाराचा चारही नळ्यांत तोच. मग एन्झाइम तेवढंच ठेवून पाण्याचं प्रमाण बदललं, प्रायमर दुप्पट केले, आकडा हलला नाही.

एवढा स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. जनुक टॅकच्या कुपीतून येत होतं.

टॅकच्या कुपीत अँपिसिलिन-रोधक जनुक कसं?

यासाठी टॅक बनतं कसं ते बघावं लागतं. थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी येलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतून मिळवला आणि १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचं डीएनए पॉलिमरेज १९७६ मध्ये वेगळं काढण्यात आलं, आणि १९८८ पासून ते पीसीआरमध्ये रूढ झालं, कारण दर सायकलला ९५ अंशांपर्यंत तापवूनही ते मरत नाही. त्या तापमानाला त्याचं अर्धायुष्य ४० मिनिटांच्या आसपास आहे. १९८९ मध्ये त्याचं जनुक ई. कोलायमध्ये क्लोन झाल्याचं प्रसिद्ध झालं. त्यानंतर थर्मस वाढवत बसण्याची गरज उरली नाही. आज संशोधनासाठी विकलं जाणारं टॅक जवळजवळ सगळं रिकॉम्बिनंट असतं.

रिकॉम्बिनंट म्हणजे काय, तर टॅकचं जनुक एका प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कडीवर, चढवायचं आणि तो प्लाझ्मिड ई. कोलायमध्ये घालायचा. पेशीने प्लाझ्मिड टाकून देऊ नये म्हणून त्यावर प्रतिजैविक-रोधक जनुकही ठेवायचं आणि वाढीच्या माध्यमात ते प्रतिजैविक घालायचं. ज्या पेशीने प्लाझ्मिड टाकला ती मेली. हा निवड-मार्कर बहुतेक जुन्या आणि बऱ्याच चालू प्लाझ्मिडवर अँपिसिलिनचा असतो. आणि ते अँपिसिलिन-रोधक जनुक म्हणजे टेम बीटा-लॅक्टमेजच. गट जे नदीत शोधत होता, तेच जनुक कारखान्यात टॅक बनवताना लाखो कोटी प्रतींमध्ये वापरलं गेलं होतं.

मग शुद्धीकरणात ते जात का नाही? बहुतांश जातंच. उरतं ते का उरतं, याची कारणं मजेशीर आहेत.

पहिलं कारण टॅकच्या गुणातच आहे. पेशी फोडल्यावर सगळा रस ७५ अंशांना ठेवतात. ई. कोलायची बहुतेक प्रथिनं त्या उष्णतेने गोठतात, रस फाटलेल्या दुधासारखा होतो, आणि टॅक वरच्या निवळीत राहतं. एका फटक्यात मोठी सफाई. पण या गोठलेल्या प्रथिनांत ई. कोलायची स्वतःची न्यूक्लिएजही असतात, ज्यांनी डीएनए खाल्ला असता. प्लाझ्मिडला मात्र ७५ अंशांनी काही होत नाही. म्हणजे उष्णतेची पायरी प्रथिनांच्या बाबतीत उत्तम आणि डीएनएच्या बाबतीत उलट संरक्षण देणारी.

दुसरं कारण त्याहून मूलभूत आहे. डीएनए पॉलिमरेजचं कामच डीएनए धरण्याचं. लायपेज किंवा प्रोटिएज शुद्ध करताना डीएनए वेगळा काढणं तुलनेने सोपं, कारण त्यांचं एकमेकांशी देणंघेणं नसतं. पॉलिमरेज, लायगेज, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, रिस्ट्रिक्शन एन्झाइम ही मंडळी मात्र डीएनएला किंवा आरएनएला चिकटूनच कॉलममध्ये उतरतात. म्हणून चांगल्या पद्धतीत मीठ भरपूर ठेवतात. क्षारांचं प्रमाण वाढलं की प्रथिन आणि डीएनए यांची विद्युतभारांवरची पकड सुटते. त्याच स्थितीत पॉलिएथिलीनइमाइन घातलं की न्यूक्लिक आम्लं साक्यात बसतात आणि प्रथिन द्रावणात राहतं. पुढे हेपॅरिन कॉलम. हेपॅरिनवर डीएनएसारखाच दाट ऋणभार असतो, त्यामुळे पॉलिमरेज त्याला धरतं आणि मोकळा डीएनए वाहून जातो. ‘मोकळा’ हा शब्द महत्त्वाचा. मीठ कमी पडलं तर पॉलिमरेजला लटकलेला डीएनए त्याच्यासोबतच कॉलमवर चढतो आणि त्याच्यासोबतच उतरतो. एखादा लॉट स्वच्छ आणि पुढचा घाणेरडा निघतो तो अशाच कुठल्यातरी पायरीवर हात आखडता घेतल्याने.

आता हिशेब. समजा नळीत टेमच्या १०० प्रती जातात. ३३च्या आसपासच्या सीटीला हा अंदाज बहुतेक चाचण्यांत चुकीचा ठरत नाही. साडेपाच हजार बेस-जोड्यांच्या प्लाझ्मिडचं वस्तुमान सुमारे ६ ॲटोग्रॅम. म्हणजे १०० प्रतींचं वजन ०.६ फेम्टोग्रॅम. नेहमीचा स्पेक्ट्रोफोटोमीटर नॅनोग्रॅमच्या भाषेत बोलतो, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे दहा लाख फेम्टोग्रॅम. जेलवर, शोषणमापनात, फ्लोरोमीटरवर, कुठेच हे दिसणार नाही. ५ युनिट प्रति मायक्रोलिटर या नेहमीच्या तीव्रतेची ५०० युनिटची कुपी म्हणजे १०० मायक्रोलिटर, आणि नळीमागे १.२५ युनिटने ४०० नळ्या. कुपीत एकूण ४०,००० प्रती. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीयूसी घराण्यातल्या प्लाझ्मिडच्या एका पेशीत ५०० ते ७०० प्रती असतात. म्हणजे अख्ख्या कुपीत उरलेली घाण ही जेमतेम ८० पेशींची. एक लिटर दाट वाढीत सुमारे एक लाख कोटी पेशी असतात, हे लक्षात घेतलं तर शुद्धीकरण करणाऱ्याला दोष देण्याआधी थोडी दाद द्यावीशी वाटते.

प्रमाणपत्र खरं होतं

गटाने एन्झाइमसोबतचं विश्लेषण-प्रमाणपत्र काढून वाचलं. प्रथिनाची शुद्धता जेलवर ९५ टक्क्यांहून अधिक. एंडोन्यूक्लिएज नाही, एक्झोन्यूक्लिएज नाही. आणि एक ओळ अशी: ई. कोलायचा जीनोमिक डीएनए, ठरावीक युनिटांमागे एका जीनोमपेक्षा कमी.

साहजिकच पहिली प्रतिक्रिया अशी की कंपनीने खोटं लिहिलं. पण वरचाच हिशेब पुढे नेऊन बघा. कुपीत ८० पेशींचा डीएनए, ४०० नळ्या, म्हणजे नळीमागे ०.२ जीनोम. प्रमाणपत्र बरोबर आहे. जीनोम मोजायला सहसा सगळ्या जीवाणूंत असणारं १६एस आरआरएनएचं जनुक वापरतात, ई. कोलायच्या जीनोममध्ये त्याच्या ७ प्रती असतात, म्हणजे नळीमागे १.४ प्रत. आणि टेमच्या मात्र १००. गुणसूत्र आणि प्लाझ्मिड शुद्धीकरणात सारख्याच प्रमाणात गेले असं ढोबळ धरून ही तफावत सत्तर पट होते. कंपनीने गुणसूत्राचा प्रश्न विचारला आणि त्याचं प्रामाणिक उत्तर दिलं. प्लाझ्मिडचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

या सत्तर पटीने आणखी एक जुनी गोष्ट उलगडली. याच प्रयोगशाळेतला दुसरा विद्यार्थी त्याच टॅकने १६एसचं काम करायचा, आणि त्याचा पाण्याचा कंट्रोल ‘कधी येतो, कधी येत नाही’ अशी त्याची तक्रार होती. नळीमागे सरासरी १.४ प्रत असेल तर विरळ घटनांची शक्यता सांगणाऱ्या प्वासाँच्या नियमाने जवळजवळ चौथा हिस्सा नळ्या पूर्ण कोऱ्या निघतात. ज्या दिवशी त्याने एकच कंट्रोल लावला आणि तो कोरा निघाला, त्या दिवशी रन ‘पास’. १६एसच्या बाबतीत पाण्यातले आणि इतर अभिकर्मकांतले जीवाणूही भर घालतात, त्यामुळे तिथलं चित्र अधिक गढूळ असतं. पण एकाच कंट्रोलवर विसंबू नये याला एवढं गणित पुरे आहे.

अपुऱ्या पुराव्यावर पुरवठादाराला पत्र लिहायचं नव्हतं, म्हणून दोन तपासण्या आणखी केल्या. पहिली थोडी खोडकर म्हणावी अशी. प्लाझ्मिडवर टेमच्या शेजारी टॅकचं जनुक असणार. मग एक प्रायमर टेममध्ये आणि दुसरा थर्मसच्या पॉलिमरेज-जनुकात ठेवून पाण्याच्या नळीत पीसीआर केला. असा जोड निसर्गातल्या कुठल्याही नदीत असण्याची शक्यता नाही. बँड आला. टॅकने नळीत स्वतःच्याच जनुकाची प्रत काढून दाखवली. ही युक्ती दर वेळी चालेलच असं नाही. बऱ्याच कंपन्या जनुकाचे कोडॉन, म्हणजे अमिनो आम्लांचे तीन-अक्षरी संकेत, ई. कोलायच्या सोयीने बदलतात आणि मग मूळ क्रमावर बेतलेला प्रायमर बसत नाही. त्यामुळे बँड आला तर पुरावा पक्का, नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी तपासणी अनुक्रमाची. टेमचे शेकडो प्रकार नोंदलेले आहेत. पीयूसी-प्रकारच्या प्लाझ्मिडवर जो असतो तो टेम-११६. सर्वपरिचित टेम-१पेक्षा त्यात दोन अमिनो आम्लं वेगळी: ८४व्या जागी व्हॅलिनऐवजी आयसोल्युसिन, १८४व्या जागी ॲलॅनिनऐवजी व्हॅलिन. रिअल-टाइमचा आखूड तुकडा या दोन्ही जागा व्यापत नव्हता म्हणून लांब तुकडा घेतला. पाण्याची नळी: टेम-११६. झरा: टेम-११६. नाला: प्रामुख्याने टेम-१. टेम-११६ जगभर सापडल्याच्या ज्या नोंदी आहेत, त्यांतल्या काही अशाच एन्झाइममधून आलेल्या असाव्यात, ही शंका या क्षेत्रातल्या जाणकारांनी छापूनही मांडली आहे. सार्वजनिक डेटाबेसमध्ये गेलेला अनुक्रम परत काढणं किती अवघड असतं, हे वेगळं सांगायला नको. आणि टॅकमध्ये जीवाणूंचा डीएनए असतो हे १९९० मध्येच प्रसिद्ध झालं होतं.

दुसरं टॅक, आणि तरीही

पुरवठादाराने लॉट बदलून दिला. नव्या लॉटचा पाण्याचा सीटी ३६. आठपट सुधारणा, पण शून्य नाही. मग गटाने दुसऱ्या उत्पादकाचं एन्झाइम घेतलं, ज्याच्या प्लाझ्मिडवर कॅनामायसिन या वेगळ्या प्रतिजैविकाचा मार्कर होता. टेमचा कंट्रोल ४० सायकलपर्यंत सपाट. सगळ्यांना हायसं वाटलं.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. या दुसऱ्या टॅकमध्ये डीएनए कमी होता असं कुणी दाखवलेलं नाही. तो डीएनए टेमच्या प्रायमरना दिसत नव्हता, इतकंच. हाच गट पुढच्या टप्प्यात कॅनामायसिन-रोधक जनुकं मोजणार होता, आणि तेव्हा हेच एन्झाइम त्यांच्या विरोधात साक्ष देणार होतं. म्हणून लक्ष्य-जनुकाच्या यादीशेजारी एन्झाइमच्या मार्करची यादी ठेवली. उत्पादक मार्कर सांगायला खळखळ करतात, कारण प्लाझ्मिड हे त्यांचं व्यावसायिक गुपित. मग विचारण्यापेक्षा कंट्रोल लावून बघणं सोपं.

स्वच्छ करण्याचे उपायही चाळले. मास्टर मिक्सवर अतिनील किरण टाकले की डीएनए खराब होतो, पण आखूड तुकड्यांवर परिणाम कमी आणि एन्झाइमचीही ताकद घटते. एथिडियम मोनोअझाइड घालून प्रकाश दिला तर डीएनए बांधला जातो, पण प्रमाण जरा चुकलं की पीसीआरच मंदावतो. रिस्ट्रिक्शन एन्झाइमने लक्ष्याच्या मधोमध छेद देता येतो, मात्र तेही रिकॉम्बिनंटच, आणि कुठल्यातरी प्लाझ्मिडवरूनच आलेलं. गटाला पटला तो उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या कोळंबीपासून मिळालेल्या डीएनेजचा पर्याय. हे एन्झाइम दुपदरी डीएनए खातं, एकपदरी प्रायमरना फारसा हात लावत नाही, आणि थोड्या उष्णतेने कायमचं निष्क्रिय होतं. ते यीस्टमध्ये बनवतात, त्यामुळे त्याच्यासोबत ई. कोलायचा डीएनए येण्याची भीती कमी. टेम्प्लेट घालण्याआधी मिक्सवर प्रक्रिया करायची, तापवायचं, मग नमुना. जुन्या टॅकच्या सदोष लॉटवर ते वापरलं तेव्हा टेमचा कंट्रोल ३३वरून ३९पर्यंत गेला आणि साक्षीदाराचा सीटी अर्ध्या सायकलने मागे पडला. म्हणजे घाण जवळजवळ गेली, संवेदनशीलतेची थोडी किंमत देऊन. नाल्याच्या पाण्याला या खटाटोपाची गरज नव्हती. झऱ्याला होती.

जुन्या आकड्यांचं काय करायचं

सगळं फेकून द्या, असा एक सूर होता. मला तो आळशी वाटतो. दूषण कुठून आणि किती आलं हे माहीत असेल तर प्रत्येक आकड्याची किंमत ठरवता येते. एकाच लॉटचं टॅक, नळीमागे सुमारे १०० प्रती. नाल्याचा सीटी २४, कंट्रोलपेक्षा ९ सायकल अलीकडे, म्हणजे पाचशे पटीहून जास्त. तिथे १०० प्रतींनी निष्कर्षाच्या केसालाही धक्का लागत नाही. कंट्रोलपेक्षा निदान दहापट, म्हणजे साधारण साडेतीन सायकल अलीकडे असलेले नमुने गटाने तसेच ठेवले, पार्श्वभूमीची वजाबाकी करून. त्याच्या आतले सगळे नव्या एन्झाइमने पुन्हा मोजले.

वजाबाकी सगळीकडे का नाही केली? कारण १२० प्रतींमधून १०० वजा केल्या की उरणाऱ्या २० प्रतींना अर्थ नसतो. १०० प्रतींचा स्वतःचाच यादृच्छिक चढउतार १० प्रतींचा आहे आणि पिपेटची चूक वेगळी. असे उरलेले आकडे आलेखावर छान दिसतात. तेवढ्यासाठी ते ठेवू नयेत.

पुनर्मोजणीत झरा पूर्ण कोरा निघाला. नदीचे बहुतेक नमुने टिकले, प्रमाण थोडं घटलं. दोन विहिरी कोऱ्या निघाल्या. एका तलावाच्या नमुन्याने मात्र पेच टाकला. नव्या एन्झाइमने तीनपैकी दोन नळ्या ३७च्या आसपास उजळल्या आणि अनुक्रम निघाला टेम-११६. खरा असू शकतो. पाण्यातल्या जीवाणूंत हा प्रकार असूच नये असं नाही. जुन्या एन्झाइमच्या दिवसांत त्या नमुन्याची नळी टॅकच्या कुपीशेजारी उघडली गेली असेल, तर खोटाही असू शकतो. डीएनए संपला होता आणि त्या ऋतूचं पाणी पुन्हा मिळणार नव्हतं. गटाने त्या रकान्यात ‘अनिर्णित’ लिहिलं आणि एकूण टक्केवारीतून तो नमुना वगळला.

कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असतो, तो बहुतेकांना निदानाच्या कायद्यातून सुटण्याची पळवाट वाटतो. त्याची दुसरी बाजू अशी की विशिष्ट कामासाठी एन्झाइम योग्य आहे का, हे तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. गटाने ती पुढे अशी निभावली: टॅकचा नवा लॉट आला की कामाला लावण्याआधी आठ पाण्याच्या नळ्या, अभ्यासातल्या प्रत्येक लक्ष्य-जनुकासाठी वेगळ्या. सगळ्या आठ कोऱ्या निघाल्या तर नळीमागची सरासरी, ९५ टक्के विश्वासाने, ०.४ प्रतीच्या खाली आहे एवढं म्हणता येतं. त्याहून जास्त नाही. एखादी उजळली तर तिचा सीटी लॉट नंबरसकट वहीत, आणि त्या लॉटपुरती शोधमर्यादा त्यानुसार वर. शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात त्यांनी एन्झाइमचं नाव, लॉट, वापरलेले युनिट, कंट्रोल नळ्यांची संख्या आणि त्यांतल्या प्रत्येकीचा सीटी दिला. परीक्षकांपैकी एकाने हा तपशील पुरवणीत हलवायला सांगितला. गटाने नम्रपणे नकार दिला, आणि तो मुख्य मजकुरातच राहिला.